किराण्याचा खरा भाव काढायला शिकवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

घरखर्च आटोक्यात आणायचा तर घासाघीस करा, नाहीतर ताटातलं कमी करा, असा सल्ला सगळेच देतात. तुम्ही आम्हाला शिजून पानात पडलेल्या अन्नाचा भाव काढायला शिकवलंत. त्यासाठी हे जाहीर आभार.

डबाबंद राजम्याचंच घ्या. 400 ग्रॅमच्या डब्यातलं पाणी निथळलं की हाती साधारण 240 ग्रॅम राजमा लागतो. तेवढा तर 100 ग्रॅम कोरडे दाणे शिजवूनही होतो. म्हणजे अर्ध्या किलोचं पाकीट जवळपास पाच डब्यांच्या तोडीचं. मटाराचा हिशोब वेगळा. शेंगा सोलल्यावर वजन निम्म्याच्या आसपास येतं, म्हणून शेंगांचा भाव दुप्पट धरून मगच तो गोठवलेल्या मटाराशी ताडून पाहायचा. कित्येकदा गोठवलेला स्वस्त निघतो!

पण स्वस्तात आणलेलं कडधान्य शिजलंच नाही तर काय उपयोग? लोक इथेच कंटाळतात आणि पुन्हा तयार पाकिटांकडे वळतात. तुम्ही प्रत्येक गोष्टीमागचं कारण सांगितलंत, ते फार मोलाचं. दाणे तिप्पट पाण्यात आठ ते बारा तास भिजवायचे. टोमॅटो, लिंबू असं आंबट काहीही दाणा बोटांत सहज चेपला जाईपर्यंत घालायचं नाही, कारण आंबटपणामुळे दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही आणि तो कडकच राहतो. जड पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं. अशा पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. आणि उष्ण, दमट जागी वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेला माल कितीही उकळला तरी मऊ होत नाही. म्हणून कडधान्य घ्यायचं ते जिथे माल भराभर खपतो तिथूनच.

राजम्याबाबतचा तुमचा कडक नियम तर सगळ्यांनी पाळावा. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात दाणे किमान 10 मिनिटं, शक्यतो 30 मिनिटं खळखळ उकळायचे, आणि मगच आच मंद करायची. नुसत्या मंद आचेवर त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन नष्ट होत नाही. अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो.

साठवणीचंही तसंच. पांढरा तांदूळ कोरड्या, हवाबंद डब्यात वर्षानुवर्षं टिकतो. ब्राऊन राइस आणि कोंड्यासकटचं पीठ मात्र त्यांतल्या तेलामुळे लवकर खवट होतं, तेव्हा ते महिन्याभरात संपेल एवढंच आणावं. किडीची अंडी बहुधा धान्यासोबतच घरात येतात. पाकीट चार दिवस उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं की ती मरतात. बाहेर काढल्यावर ते लगेच फोडायचं नाही, हे तुमच्याइतकं ठासून कुणी सांगत नाही. थंड दाण्यांवर हवेतला ओलावा धरतो आणि पुढे बुरशी येते. आधी सगळं खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं.

एकदम जास्त शिजवून गॅस आणि वेळ वाचवायचा, पण भाताला जपायचं, हेही तुमचंच सांगणं. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून भात पसरट ताटात मोकळा करून निववायचा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी संपवायचा. शिजलेली कडधान्यं मात्र एका वेळेपुरत्या पुड्या करून गोठवली तर तीन महिने चांगली राहतात. दमून आल्यावर बाहेरून काही मागवण्याचा मोह होतो, तेव्हा याच पुड्या सगळ्यात जास्त पैसे वाचवतात.

हे सगळं तुम्ही हातचं न राखता, विचारेल त्याला, विचारेल तितक्या वेळा सांगत आलात. मनापासून आभार, काकू.

तुमच्याकडून शिकलेले आम्ही सगळे