आडव्या बाटलीची मोजणी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

एसटी स्टँडजवळच्या परवानाधारक दुकानातून दहावी-बारावीची पोरं बाटल्या नेतात, असं बाबांनी कळवलं. बिअरला २१ आणि दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, पण वय विचारतं कोण? म्हणून आईच्या बचत गटानं दुकान बंद करायला आडव्या बाटलीच्या मतदानाचं मनावर घेतलं, याचा मला फार आनंद झाला.

राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी अर्ज दिला, की उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं आणि मग गुप्त मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अर्जात प्रत्येकीचं नाव मतदार यादीत आहे तसंच लिहा, शेजारी अनुक्रमांक टाका. नवऱ्यानं बायकोची सही केली की पडताळणीत ती हमखास उडते. काठावर थांबू नका, शंभरेक सह्या जास्तच घ्या.

खरी अडचण मोजणीत आहे. झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. समजा यादीत ९०० बायका आहेत. ६०० आल्या आणि ४४० जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच राहतं, ४५१ हव्यात. म्हणजे घरी बसलेली बाई उभ्या बाटलीलाच मत देते. वारलेल्या आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींची नावं यादीत राहतात, तीही त्याच बाजूला जमा होतात. म्हणून सह्यांच्या आधी बीएलओकडून, म्हणजे गावची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून, यादी घेऊन गल्लीगल्लीत वाचा आणि अशी नावं वगळण्यासाठी नमुना ७ हा अर्ज भरून द्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते निकाल इथेच लागतो.

दुसरं, अर्ज दिवाळीच्या सुमारास देऊ नका. ऊसतोडीला गेलेल्या बायका गुढीपाडव्याच्या आसपास परततात, त्या गावात असतानाच मतदान व्हायला हवं.

दुकान बंद झालं की मोटारसायकलवरून बाटल्या येऊ लागतील, हातभट्टीही डोकं वर काढेल. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरावर माणसं गेली. त्यामुळे ग्रामसभेतून ग्रामरक्षक दल आधीच नेमून ठेवा.

आणि जी पोरं आधीच रोज पितात, त्यांना खोलीत कोंडून दारू सोडवायला लावू नका. एकदम सोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. १४४४६ हा सरकारी नशामुक्ती क्रमांक आहे, मोफत. तो बचत गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि यादी हाती आली की मला कळवा.

तुमची लेक