भोर घाट उतरवायला शिकवलंत, काका

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

माझं नाव कुठे घालू नकोस, असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण कर्जत ते लोणावळा या मार्गाची संगणकावरची प्रतिकृती जे चालवतात, त्या प्रत्येकाला एक गोष्ट कळायलाच हवी. तिच्यामागे घाटात उमेदीची वर्षं काढलेले एक निवृत्त लोको पायलट आहेत. म्हणून हे आभार चारचौघांत मानतोय.

सिम्युलेटरसाठी मार्ग बनवताना पहिलं काम जमिनीचं असतं. फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलमधून रडारने पृथ्वीची उंची मोजली गेली, ती आकडेवारी आज कोणालाही मिळते. पण तिच्यात साधारण दर ३० मीटरला एक उंची असते. सपाट प्रदेशात ते चालून जातं. सह्याद्रीत मात्र ३० मीटरांत अख्खा कडा संपतो, खाली ओढा असतो आणि त्यावर पूल. त्या आकड्यांतून डोंगर उभा राहतो, रेल्वेचा घाट नाही. घाट तुमच्या वहीतून आला. कुठे चढ कमी होतो, कोणत्या बोगद्याच्या तोंडाशी वळण सुरू होतं, पावसाळ्यात कोणत्या कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून केलेल्या वाटेत, रुळांवर पाणी ठिबकतं आणि चाकं घसरायला लागतात, हे सगळं तुम्ही पानापानांवर लिहून ठेवलं होतं. ती वही तुम्ही विश्वासाने माझ्या हाती दिलीत, याचं मोल मला आहे.

या घाटाचा चढ ३७ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर. हे प्रमाण मी अनेकदा वाचलं होतं, पण त्याचं वजन तुम्ही जाणवून दिलंत. हजार टनांची गाडी या उतारावर उभी असेल, तर तिला खाली खेचणारा जोर सुमारे २७ टन. इंजिन बंद असो, रात्र असो, धुकं असो, तो जोर क्षणभरही सुटत नाही. तुमचं वाक्य मी तसंच लिहून घेतलंय: "चढवणारं इंजिन असतं, उतरवणारा माणूस असतो."

सिम्युलेटरच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही मला ब्रेक शिकवलात. ब्रेक पाइपमध्ये ५ किलोचा दाब, तो कमी केला की ब्रेक लागतो, पुन्हा वाढवला की सुटतो, इतपत माहिती कोणत्याही पुस्तकात मिळते. पण ब्रेक खर्च होतो, ही गोष्ट तुमच्याकडून समजली. सोडला की प्रत्येक डब्याखालची हवेची टाकी भरायला वेळ लागतो. ती भरायच्या आत पुन्हा लावला, पुन्हा सोडला, असं करत गेलं की लांब उतारावर हाताशी काही उरत नाही. म्हणून मोटारींनाच जनित्र बनवून वेग धरणारा डायनॅमिक ब्रेक आधी, हवेचा ब्रेक राखून. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकच्या, म्हणजे नळीतली हवा शोषून चालणाऱ्या ब्रेकच्या काळात तर वातावरणाचा दाब हीच ब्रेकच्या ताकदीची हद्द होती, आणि त्या ब्रेकवर तुम्ही मालगाड्या उतरवल्यात. ओपन रेल्स या आमच्या सिम्युलेटरमध्ये दाब किती वेगाने घटतो, टाकी किती वेळात भरते, हे आकडे प्रत्येक वाघिणीच्या फाइलमध्ये लिहिता येतात. तुम्ही शेजारी बसून "अजून सावकाश" म्हणत राहिलात आणि मी आकडे बदलत राहिलो. एके क्षणी तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेव्हा कळलं की जमलं.

कॅच सायडिंगचंही तसंच. उतरणाऱ्या गाडीसाठी रुळांचा सांधा मुळात चढावर जाणाऱ्या, पुढे बंद असलेल्या आंधळ्या रुळाकडे लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवायचं, मगच पुढचा मार्ग मिळतो. ताबा सुटलेली गाडी त्या रुळावर चढून थांबावी, खाली कर्जतपर्यंत पोहोचू नये. घाटातल्या अशा थांब्यावर प्रवासी कंटाळून खिडकीबाहेर माकडं बघत बसतात. आमच्या प्रतिकृतीत आता तिथे थांबल्याशिवाय सिग्नल पडत नाही.

बँकरबद्दल, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनाबद्दल मात्र तुमच्यावर थोडा अन्याय झालाय, कारण सॉफ्टवेअरचीच मर्यादा आहे. मागचं इंजिन पुढच्याच्या हँडलला तत्काळ साथ देतं. खऱ्या घाटात मागे वेगळा माणूस असतो, त्याला पुढचा सिग्नल दिसत नाही आणि बरंचसं शिट्टीवर चालतं. सगळा भार पुढून ओढला तर पहिल्या कपलिंगवर ताण येतो, म्हणून मागून ढकलायचं. पण दोघांचा जोर जुळला नाही तर मधले डबे हिसके खातात.

इतिहासाचा नाद तर तुम्हीच लावलात. १८६३ मध्ये हा घाट खुला झाला तेव्हा मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगराच्या सोंडेवर वळायला जागा नव्हती, म्हणून गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे चढायची. १९२९ मध्ये नव्या मार्गाने ते टाळलं गेलं, साधारण त्याच सुमारास घाटात वीज आली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन लवकरच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे नेलं, हेही तुम्हीच सांगितलंत. कॉलऱ्याने गेलेल्या मजुरांची नावं कुठेच नाहीत, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता.

त्यातूनच आम्ही १९२९ च्या घाटाची वेगळी आवृत्ती करायला घेतली. तिच्यासाठी डब्ल्यूसीजी-१ हे जुनं विजेचं इंजिन, म्हणजे रेल्वेवाल्यांचा खेकडा, ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बनवला. लांब नाकाडाचं ते इंजिन वळणावर कसं वाकतं आणि चाकांना जोडणारे दांडे कसे फिरतात, हे हलतं करायला फार वेळ गेला. त्याचा आवाज तुम्ही तोंडाने काढून दाखवलात! तो रेकॉर्ड करून ठेवलाय, आणि ध्वनी जुळवताना आधार त्याचाच घेतला.

काका, मनापासून आभार. काकूंचेही, कारण प्रत्येक वेळी आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत दिवाणखाना अडवून बसलो आणि त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही.

आता थळ घाट करायचा विचार आहे. १८६५ चा, तोही ३७ला १. तुम्ही कसाऱ्याला होतात त्या काळातली दुसरी वही माळ्यावर असल्याचं बोलला होतात. ती काढून ठेवाल का? पुढच्या रविवारी येतो.

आपला,
घाटवेडा विद्यार्थी