मोठ्या काकांसाठी चाकू निवडताना

चि. मृदुला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे जुने छायाचित्र मिळाले. मोठ्या काकांचा हरवलेला घडीचा चाकू नेमका कोणत्या पॅटर्नचा, म्हणजे घडणीचा होता आणि वाढदिवसाला त्यांना तसाच घेऊन द्यावा का, असे दोन प्रश्न तू एकाच वाक्यात विचारले आहेस. मला ते दोन वेगळे प्रश्न वाटतात, म्हणून उत्तरेही वेगवेगळी देतो.

चाकूला तीन पाती आहेत आणि काका लाकूड कोरत असत, एवढ्यावरून तू तो व्हिटलर असल्याचे ठरवलेस. तर्क चुकीचा नाही, कारण व्हिटलर हा नावाप्रमाणे लाकूड तासणाऱ्यांचाच चाकू. परंतु व्हिटलरच्या एका टोकाला एक जाड, मोठे पाते असते, जे मुठीच्या पाठीमागच्या दोन्ही स्प्रिंगांवर टेकते, आणि दुसऱ्या टोकाला दोन लहान पाती असतात. छायाचित्रात मूठ जरा नागमोडी आहे, आणि पाती मोजण्यापेक्षा त्यांची टोके पाहिलीस तर उलगडा होईल. मोठ्या पात्याची पाठ टोकाजवळ कापून काढल्यासारखी आत गेली आहे, हे क्लिप. दुसऱ्या टोकाच्या दोन पात्यांपैकी एकाची धार शेवटपर्यंत सरळ आहे आणि पाठच खाली वळून धारेला मिळते. हे शीप्सफूट, म्हणजे मेंढीच्या खुराच्या आकाराचे. तिसऱ्याचे टोक बोथट, गोलसर आहे; ते स्पे. ही तीन पाती आणि अशी मूठ एकत्र आली की तो स्टॉकमन. अमेरिकेत गुरे पाळणाऱ्यांसाठी तो रूढ झाला, आणि स्पे पाते जनावरांच्या खच्चीकरणासाठी होते. टोक बोथट ठेवायचे ते चुकून भलतीकडे रुतू नये म्हणून.

तसाच जुना स्टॉकमन शोधून द्यावा, असेही तुझ्या मनात असावे. तो ‘केस’ (Case) या अमेरिकी चाकू-कंपनीचा मिळाला तर पात्याच्या बुडाशी, सांध्याजवळ उमटवलेला शिक्का भिंगाने वाच. ६३१८ असा आकडा असेल तर ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे पात्यांची संख्या आणि १८ हा पॅटर्नचा क्रमांक. १९७० साली या कंपनीने शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एकेक कमी केला, त्यामुळे त्या दशकातल्या चाकूचे साल ठिपके मोजून कळते. हे आकडे त्या एका कंपनीपुरतेच आहेत, दुसऱ्या कारखान्याच्या चाकूला ते लावू नकोस. शिवाय जुन्या चाकूची पाती घासून घासून अरुंद झालेली असतात, आणि विकण्यापूर्वी चकाकी दिली की ते चटकन लक्षात येत नाही.

आता निवडीविषयी, आणि इथे मला मनापासून बोलायचे आहे. काकांचा तो चाकू मी वर्षानुवर्षे पाहिला. त्याचे शीप्सफूट पाते दगडावर घासून मधोमध खोलगट झाले होते, मोठे पाते थोडेफार झिजले होते, आणि स्पे पात्यावर कारखान्यातून आलेली चकाकी शेवटपर्यंत तशीच होती. तुझी लाकडी बदके, पेन्सिलींना काढलेली टोके, फळीवर करवतीआधी मारलेली बारीक रेघ, हे सारे त्या शीप्सफूट पात्याचे काम. सरळ धार पट्टीला किंवा फळीला पूर्ण लांबीभर टेकते, आणि अणकुचीदार टोक नसल्यामुळे ती भलत्या ठिकाणी घुसत नाही, हे त्यांच्या हाताला कोणी न सांगता कळले होते. चाकूचा पॅटर्न म्हणजे कोणाच्या तरी कामाचा आराखडा असतो, आणि स्टॉकमन हा गुराख्याच्या कामाचा आराखडा आहे. काकांचे काम त्यातल्या एका पात्याचे होते.

दुसरी गोष्ट त्यांच्या बोटांची. मागच्या भेटीत त्यांनी बरणीचे झाकण माझ्यापुढे सरकवले, आणि त्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही. स्टॉकमनमध्ये तीन पाती दाटीने बसवलेली असतात, नख अडकवण्याच्या खाचा जवळजवळ येतात आणि स्प्रिंगा ताठ असतात. त्यांच्या हातात तोच पॅटर्न पुन्हा दिलास तर ते तो कौतुकाने पाहतील आणि कपाटात ठेवून देतील.

मी ओपिनेलचाही विचार केला. १८९०पासून फ्रान्सच्या साव्हुआ भागात बनत आलेला हा साधा चाकू. त्याला पाठीमागची स्प्रिंगच नाही, लाकडी मुठीत पाते घर्षणाने धरलेले असते, आणि १९५५पासून ते उघडे राहावे म्हणून फिरती कडी आहे. आठ क्रमांकाचे साडेआठ सेंटिमीटरचे पाते कोणालाही पुरेल. परंतु लाकूड ओलाव्याने फुगले की पाते घट्ट होते, आणि मुख्य म्हणजे मिटताना टक्क असा आवाज येत नाही. काका बोलता बोलता तो आवाज ऐकण्यासाठीच चाकू उघडमीट करत, हे तुलाही आठवत असेल.

म्हणून माझे मत बार्लोकडे झुकते. हा इंग्लंडमधील शेफील्डचा जुना पॅटर्न. सांध्याकडचे धातूचे बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकावरचे आवरण, लांबलचक असते, जवळजवळ एकतृतीयांश मूठ व्यापणारे, आणि पाती एक किंवा दोनच. एकाच शीप्सफूट पात्याचा बार्लो शोध, आणि शक्य झाल्यास मुठीच्या कडेला अर्धचंद्राकार खाच कापलेला घे, म्हणजे पाते नखाऐवजी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून उघडता येते. पोलाद कार्बनचे असू दे. १०९५ पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. त्याला दगडावर लवकर धार लागते, पण गंजही लवकर धरतो. दुसऱ्या कोणासाठी मी स्टेनलेसच सुचवले असते. काकांची गोष्ट वेगळी, ते पाते दोनदा पुसल्याशिवाय मिटत नाहीत.

घेताना चाकू उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि मुठीच्या पट्ट्या यांच्यामधून प्रकाश दिसतो का ते पाहा. पाते उघडून आडवे हलवून बघ. किंचितही डुगडुगता कामा नये. अर्ध्यावर, काटकोनात, पाते क्षणभर थांबत असेल तर उत्तमच, कारण मिटताना बोटे बाजूला घ्यायला तेवढा अवकाश मिळतो. या चाकूंना कुलूप नसते, त्यामुळे पाते उघडे राहते ते केवळ स्प्रिंगच्या जोरावर, आणि तो जोर तुझ्या नव्हे, त्यांच्या बोटांच्या मानाने जोखायचा आहे. विमानाने जाणार असलीस तर तो हातातल्या पिशवीत ठेवू नकोस.

देण्याआधी सांध्यात तेलाचा एक थेंब सोड आणि दहा-वीस वेळा उघडमीट कर. मुठीवरची ती खाच मात्र त्यांना दाखवू नकोस आणि ती कशासाठी आहे हेही सांगू नकोस. त्यांचा अंगठा आपणच तिथे जाईल.

तुझा,
बाबा