सभासदांसाठी सूचना : दुर्गा खोटे यांच्या कारकिर्दीवरील चर्चा

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी होणाऱ्या मासिक बैठकीत चित्रपट-अभिनेत्री दुर्गा खोटे यांच्या कारकिर्दीवर चर्चा होईल. त्यापूर्वी प्रत्येकाने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आणि ‘अमरज्योति’ (१९३६) हे प्रभात फिल्म कंपनीचे दोन्ही चित्रपट पाहून यावेत, ही आग्रहाची विनंती.

‘अयोध्येचा राजा’मधील तारामती पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पार्श्वगायन तेव्हा रूढ नव्हते, त्यामुळे नट-नटींना कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता स्वतःच गावे लागे, आणि हाच चित्रपट मराठीबरोबर हिंदीतही तयार झाला. ‘अमरज्योति’तील सौदामिनी तर मुद्दाम दोनदा पाहावी, असे मला मनापासून वाटते. पोटच्या मुलावरचा हक्क राजसत्तेने नाकारल्यावर समुद्री चाच्यांची नायिका होणारी ही स्त्री दुर्गाबाईंनी जराही मवाळ न करता उभी केली आहे. तिची ताठ मान आणि रोखलेली नजर विसरता येत नाही.

नट-नटी एकाच कंपनीकडे मासिक पगारावर बांधलेले असण्याच्या त्या काळात त्यांनी कोल्हापूर, कलकत्ता, पुणे व मुंबई येथील निरनिराळ्या कंपन्यांमध्ये काम केले. या स्वातंत्र्याची चर्चा पुरस्कारांच्या यादीपेक्षा (१९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यात आलाच) अधिक वेळ व्हावी. ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाईविषयी बोलू इच्छिणाऱ्यांनी आपली नावे शुक्रवारपर्यंत चिटणिसांकडे द्यावीत.