पोस्टमास्तरचे एक मत

महोदय,

‘लाभाचे पद’ म्हटले की मला १८७६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतले ओरेगॉन राज्य आठवते. तिथे अध्यक्षपदाचे उमेदवार हेज हजारभर मतांनी जिंकले, म्हणून राज्याची तिन्ही निर्वाचक मते (राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची मते) त्यांची. पण तिघा निर्वाचकांपैकी जॉन वॉट्स एका लहानशा गावाचे पोस्टमास्तर होते, आणि अमेरिकी संविधानानुसार केंद्र सरकारच्या लाभाच्या पदावरील माणूस निर्वाचक होऊ शकत नाही. विरोधी पक्षाचे गव्हर्नर ग्रोव्हर यांनी तेवढेच धरले आणि वॉट्स यांच्या जागी विरोधी बाजूचे पराभूत निर्वाचक-उमेदवार क्रोनिन यांना प्रमाणपत्र दिले! ६ डिसेंबरला एकाच राज्याने दोन वेगळे निकाल लिहिले. वॉट्स यांनी दोन्ही पदे सोडली, सहकाऱ्यांनी रिकाम्या जागी पुन्हा त्यांनाच नेमले. क्रोनिन यांनी मात्र स्वतंत्र बैठक मांडून हेज यांचे प्रतिस्पर्धी टिल्डेन यांना मत दिले.

अखेर अशा वादग्रस्त मतांचा निवाडा करण्यासाठी नेमलेल्या पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी तिन्ही मते हेज यांना दिली. देशाचा निकाल लागला हेज यांच्या बाजूने, १८५ विरुद्ध १८४ निर्वाचक मतांनी!

वॉट्स यांच्या पदाची चूक खरीच होती. पण तिच्या आडून हरलेल्या उमेदवाराला बसवणे हा मतदारांवरचा उघड अन्याय होता, असे मला मनापासून वाटते.

– एक वाचक, सातारा