कुंदा, कांद्याची पात आणि निकोलाउसचा बूट

श्टुटगार्ट,
15 डिसेंबर 2024

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलीस, यंदा चंपाषष्ठी कशी केलीस म्हणून. तिकडं गडहिंग्लजला तुझ्या कुकरची शिट्टी, इकडं कुंदाचं भुंकणं, त्यात सांगायचं राहूनच गेलं. म्हणून सविस्तर लिहितो. (इथल्या पुण्याच्या मैत्रिणी माझ्या 'मी जातो, मी येतो'ला अजून हसतात. हसू देत की. बेळगावजवळच्या येळ्ळूरची बाई 'मी येते' म्हणाली तर मलाच कुणी परकी बोलतीय असं वाटतं.)

कुंदा म्हणजे आमची कुत्री. रुमानियात रस्त्यावर वाढलेली, तिथल्या आश्रयातून आम्ही आणली. रंग अगदी बेळगावच्या कुंदा मिठाईचा, खरपूस तपकिरी, आणि छातीवर पांढरा डाग. नाव पोरांनीच ठेवलं. आपल्या कुंदाकाकूंच्या कानावर घालू नकोस म्हणजे झालं. तिच्यापायी इथल्या पालिकेला दरसाल शंभरावर युरो कर भरतो आम्ही. दादांना सांगितलं तर म्हणाले, "कुत्र्याला घरपट्टी?"

यंदा योग असा आला की 1 डिसेंबरला सासूबाईंनी पाइनच्या हिरव्या चक्रावरची पहिली मेणबत्ती लावली, आणि दुसऱ्या दिवशी आपलं मार्गशीर्ष सुरू, खंडोबाचे घट. मी नंदादीप शेजारीच ठेवलो. त्यांच्या चार मेणबत्त्या नाताळाआधीच्या चार रविवारच्या, एकेक करून लावायच्या; आपला दिवा सहा दिवस विझू द्यायचा नाही. सासूबाई रात्री पाणी प्यायला उठल्या की तेल बघायच्या. मी काही सांगितलं नव्हतं.

5 तारखेच्या रात्री पोरांनी बूट पुसून दाराशी ठेवले. रात्रीतून संत निकोलाउस येऊन त्यात संत्री, अक्रोड, चॉकलेट ठेवून जातो, अशी इथली रीत. यंदा पोरं उठायच्या आधी कुंदा येऊन गेली. धाकट्याच्या बुटात नुसते चांदीचे कागद. रात्री दोन वाजता डॉक्टरला फोन. तिनं दोनच गोष्टी विचारल्या: कुत्रीचं वजन किती, चॉकलेट काळं की दुधाचं? मग बोलावून घेतलं, सुई टोचली, उलटी करवली. सासूबाई बाहेर बाकावर रडत बसलेल्या, कारण चॉकलेट त्यांनीच ठेवलं होतं.

निघताना डॉक्टरनं यादी सांगितली: चॉकलेट नको, बेदाणे नको (म्हणजे करंजीसुद्धा नको), आणि कांदा नको, कच्चा नाही, शिजलेलाही नाही, पातसुद्धा नाही. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात म्हणे. आणि मी उभ्या उभ्या हिशोब करतोय, दुसऱ्या दिवशी षष्ठी, नैवेद्य भरीत, रोडगा आणि कांद्याची पात, आणि आपल्या घरी देवाच्या पाठोपाठ पहिला घास कुत्र्याला! म्हणजे त्यांच्या सणात चॉकलेट, आपल्या सणात पात. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

तू म्हणशील, मोत्यानं जन्मभर खाल्लं, त्याला काय झालं? झालं नाही, खरं आज्जी त्याला वर्षातून एकदाच द्यायची, आणि तेही नखाएवढं. मला आठवतं, ती परड्यात बसून रोडग्याचा तुकडा तुपात बुडवायची, वर भरिताचं बोट लावायची. मोत्या रोडगा खायचा आणि भरीत फरशीवर पुसून टाकायचा. आज्जी म्हणायची, देवाला पोचलं. तर मी कुंदाला तूप लावलेला रोडगा दिलो, बाजरीचाच, भारतीय दुकानात पीठ मिळालं. पात देवापुढं ठेवलो, मग आम्ही खाल्लो. हे चाललं का, ते तूच सांग.

वांगी ओव्हनमध्ये भाजलो. धूर झाला, छतावरची घंटा वाजली, कुंदा पलंगाखाली.

तळी उचलायला पाच माणसं हवीत. हे, सासरे, दोन पोरं, पाचवे वरच्या मजल्यावरचे ग्रीक आजोबा. 'येळकोट'चा अर्थ ह्यांनी विचारला. मी सांगितलं, एळु कोटी, सात कोटी, हा शब्द कानडी. आपल्या शेजारच्या घरात मैलारलिंग, आपल्या देव्हाऱ्यात खंडोबा, देव एकच. सासऱ्यांनी तीन वेळा 'येळकोट' म्हणून सराव केला आणि मग असे ओरडले की कुंदानं पलंगाखालनंच गळा काढला. आजोबा दचकले, ताट कलंडलं, भंडारा सगळा गालिच्यावर. ती बाहेर येऊन त्यात लोळली. छातीवरचा पांढरा डाग अजून पिवळा आहे. फिरायला नेलं की लोक थांबून विचारतात, हिला काय झालंय?

31 तारखेला रात्रभर फटाके उडतात, आपल्या दिवाळीला लाजवतील असे. त्या दिवशी आम्ही कुंदाला घेऊन सासऱ्यांच्या गावच्या शेतघरात जाणार.

आता एक काम. भंडारा संपला. जानेवारीत दादांचं पार्सल यायचं आहे, त्यांच्याकडे थोडा पोचता कर. दुकानातला नको. येळ्ळूरच्या घरातली पितळी डबी तू घेऊन गेलीस ना, त्यातला.

तुझी,
बाळी