पेंग्विन आणि जेलीफिश एकाच रोलवर नकोत

महोदय,

फिल्मचे कॅमेरे पुन्हा कपाटाबाहेर निघाले आहेत. मत्स्यालयात जाणाऱ्याला सरसकट एकच सल्ला मिळतो : ४००ची फिल्म (हा आकडा म्हणजे फिल्मचा वेग, तिची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १६०० धरा आणि जास्त वेळ डेव्हलप करा. हा सल्ला अर्धाच खरा आहे.

वेळ वाढवल्याने फिल्मचा वेग नाममात्र वाढतो, खरा वाढतो तो कॉन्ट्रास्ट. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन मुळातच काळेपांढरे. १६००वर निगेटिव्हमध्ये पाठीच्या जागी कोरी फिल्म उरते आणि पोट इतके दाट होते, की प्रिंट करताना त्यावर कितीही बर्निंग केले (त्या भागाला जादा उजेड दिला) तरी करडा थापच बसतो. कोऱ्या जागेतून तर डार्करूममध्ये काहीच निघत नाही. म्हणून इल्फर्ड एचपी ५ ही कृष्णधवल फिल्म ४००वरच ठेवावी, प्रकाशमापक मीटर काळ्या पाठीवर धरावे आणि येईल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी उजेड द्यावा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). आयडी-११ हा डेव्हलपर समभाग पाण्यात, २० अंशांना, १३ मिनिटांऐवजी ११. प्रिंटला ग्रेड २चा कागद पुरतो (ग्रेड जितकी वरची, तितका कॉन्ट्रास्ट जास्त). पोहणाऱ्या पेंग्विनला १/२५० सेकंदाचे शटर लागते, तेवढा उजेड नसतो. खडकावर उभा असलेलाच टिपावा.

जेलीफिशचे उलट. ती पारदर्शक, तिच्यात कॉन्ट्रास्ट जवळपास नसतोच. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे मत्स्यालयात सी-नेटल ही नारिंगी जेलीफिश निळ्या पार्श्वभूमीवर दिसते. डोळ्यांना हा रंगभेद ठसठशीत वाटतो, पण कृष्णधवल फिल्मवर दोन्ही रंग एकाच करड्यात मिसळू शकतात. नारिंगी फिल्टरने निळा काळवंडतो, जेलीफिश उजळते. मात्र दोन स्टॉप उजेड जातो. इथे १६०० धरणे योग्यच : आयडी-११ पाणी न मिसळता, २० अंशांना १४ मिनिटे, किंवा मायक्रोफेन या दुसऱ्या डेव्हलपरमध्ये ११. ग्रेड साडेतीन-चार. एका रोलला डेव्हलपिंग एकच, त्यामुळे हे दोन प्राणी एका रोलवर घेऊ नयेत.

आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते. त्यात वेळ फार आखडतो, आणि पाच मिनिटांखालच्या डेव्हलपिंगमध्ये पट्टे उमटतात. डेव्हलपिंगची टाकी बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत ठेवून २० अंशांवर आणावी. फिक्सर आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाचे असावे, नाहीतर इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा प्रकाशसंवेदी थर, सुरकुततो.

फ्लॅश बंदच ठेवावा. तो काचेवरून परततो, प्राण्यांना त्रास होतो तो वेगळाच. लेन्सला रबरी हूड लावून ती काचेला सरळ टेकवावी. जाड ॲक्रिलिकमधून तिरपे पाहिले की चित्रातल्या कडा फाटतात आणि दोष उगाच फोकसला दिला जातो.

प्रिंटवर पांढरे ठिपके आले तर एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारे यंत्र) पुसण्याआधी निगेटिव्ह भिंगाखाली पाहावी. धूळ पृष्ठावर तीक्ष्ण दिसते, ब्लोअरने उडते. मत्स्यालयाच्या पाण्यातला कण मात्र इमल्शनमध्येच काळा, बऱ्याचदा धूसर डाग म्हणून असतो. तो प्रिंट वाळल्यावर बारीक ब्रशने आणि स्पॉटिंग रंगानेच झाकावा लागतो, फिका रंग दोन-तीनदा लावून.

– एक वाचक, ठाणे